कांजण्यांची सुई

मागच्या शनिवारी लेकीला लस टोचायला घेऊन गेलो होतो. वय वर्षं सव्वा. टोचून घरी आलो, लेक रडून रडून झोपली, आणि मी सवयीप्रमाणे बाळापूरला आजीला फोन लावला. आजी नव्वदीला टेकलीये, पण कान आणि प्रश्न दोन्ही शाबूत.

"कायची सुई देली तिले?"

म्हटलं, कांजण्यांची.

"काऊन रे बापू, कांजण्याले बी सुई लागते का आता? कांजण्या तं सगळ्याइलेच येतात. सुई देवीची राह्यते."

आता आजीला काय सांगणार? तिच्या गालांवर देवीचे वण आहेत. पाच-सहा वर्षांची असताना तिला देवी आल्या. त्याच पंधरवड्यात तिच्या धाकट्या भावालाही आल्या. ती वाचली, तो गेला. त्यामुळे 'देवी' म्हणजे काय हे तिला कुठल्या पुस्तकातून समजून घ्यावं लागलेलं नाही. आणि तिच्या हिशोबाने कांजण्या म्हणजे देवीची गरीब बहीण. येते, चार दिवस राहते, खाज देऊन जाते.

फोन ठेवला पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. 'कांजण्याला सुई लागते का?' बघायला गेलं तर हाच प्रश्न भारत सरकारला, ब्रिटनच्या आरोग्य खात्याला आणि जागतिक आरोग्य संघटनेला वर्षानुवर्षं पडलेला आहे, आणि तिघांची उत्तरं एकसारखी नाहीत. मग काय, विकांत त्यातच गेला. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय.

आधी थोडं गावाविषयी, कारण पुण्या-मुंबईच्या मंडळींना बाळापूर म्हटलं की नकाशा उघडावा लागतो :-) अकोल्यापासून पंचवीसेक किलोमीटर, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात. मधोमध किल्ला, जो १७५७ मध्ये अचलपूरच्या नवाब इस्माईल खानाने पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री. आणि गावाला ज्या देवीवरून नाव पडलं ती बाळादेवी. आमच्याकडे पोराच्या अंगावर पुरळ उठलं की आधी 'माय आली' म्हणायचे. मग देवी असो, गोवर असो की कांजण्या. दारात कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि पोराला कुणी ओरडायचं नाही, कारण त्याच्या अंगात माय बसलेली.

म्हणजे लोकांना फरक कळत नव्हता असं नाही. नावं वेगळी आहेतच. पण उपचार एकच, कारण करण्यासारखं हातात दुसरं काही नव्हतं. आणि यात फक्त आपणच होतो असंही समजू नका. देवी आणि कांजण्या हे दोन स्वतंत्र आजार आहेत हे इंग्लंडमध्ये नीट मांडलं ते विल्यम हेबरडेन या डॉक्टरने, १७६७ मध्ये. तोवर तिथेही बरेच डॉक्टर कांजण्यांना देवीचाच सौम्य प्रकार समजत.

यानंतर तीस वर्षांनी, १७९६ मध्ये जेन्नरने गायीच्या देवीची लस शोधली हे आपण शाळेत शिकलो. ती लस आपल्याकडे कशी आली हे मात्र शाळेत सांगत नाहीत, आणि गोष्ट तर जबरदस्त आहे. फ्रीज नाही, विमान नाही. जहाजातून धाग्याला लावून पाठवलेली लस उन्हाने मरून जायची. शेवटी व्हिएन्नाच्या डॉक्टर द कारोने पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी टप्प्याटप्प्याने आली. एका माणसाच्या हाताला टोचायची, आठवड्याभराने फोड आला की त्यातला द्रव पुढच्याच्या हाताला. अशी ती मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला लागू पडली. त्या खेपेला टोचलेल्यांपैकी फक्त तिलाच. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढची पाच मुलं, आणि त्यांच्यापासून पुढे पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. आमच्या भाषेत बोलायचं तर सबंध देशाचा बॅकअप एका मुलीच्या दंडावर होता!

वऱ्हाड तेव्हा निजामाकडे. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि त्यांच्यासोबत टोचणारेही आले. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' या लांबलचक नावाखाली वऱ्हाडच्या लसीकरणाचे वार्षिक अहवाल निघत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते स्कॅन करून जालावर ठेवलेत. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या या अहवालांचे तक्ते बघून मला हापिसातला डॅशबोर्ड आठवला. टोचणारे किती, प्रत्येकाने सरासरी किती जणांना टोचलं, त्यातली किती लागू पडली, आणि प्रत्येक यशस्वी टोचणीमागे खर्च किती. मेट्रिक्सचं वेड नवं नाही मंडळी.

त्या तक्त्यांत एक गोष्ट मात्र मावत नाही. दंडावरून दंडावर टोचायचं तर आधी टोचलेलं पोर आठव्या दिवशी हजर लागतं. त्याचा फोड परत उघडायचा, त्यातला द्रव काढायचा. कधी ते पोर दुसऱ्या गावी न्यायचं. कुठली आई देईल? आणि कुणाच्या अंगातलं कुणाच्या अंगात जातंय, कुठल्या जातीचं, हा प्रश्न होताच. टोचणारा आला की पोरं लपवायचे. आपण याला सरसकट 'अंधश्रद्धा' म्हणून मोकळे होतो, पण त्यात अंधश्रद्धेइतकाच त्रासही खरा होता. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायला लागले तेव्हा ही भानगड मिटली. मुंबई इलाख्यासाठी अशी लस बेळगावात तयार होई. बेळगावकरांना टिळकवाडीतला 'व्हॅक्सिन डेपो' माहीत असेल, आज लोक तिथे सकाळी फिरायला जातात.

आता मुद्द्याकडे येतो. यात कांजण्या कुठे आल्या?

कांजण्या आल्या त्या देवी संपवताना, आणि आल्या त्या अडचण म्हणून.

१९६२ मध्ये भारताने देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. सगळ्यांना टोचायचं, की देवी जाईल, असा सरळ हिशोब. कोट्यवधी टोचण्या झाल्या, देवी गेली नाही. आकडे फुगत होते कारण शाळेतली हाताशी सापडणारी पोरं पुन्हा पुन्हा टोचली जात, आणि झोपडीतलं, रानातलं, फिरस्त्यांचं पोर सुटत होतं. १९७४ साली तर बिहार, उत्तर प्रदेश वगैरे भागांत अशी साथ आली की देशात वर्षभरात सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण आणि ३१ हजार मृत्यू नोंदले गेले.

तोवर धोरण बदललं होतं. सरसकट टोचत बसण्यापेक्षा रुग्ण शोधा आणि त्याच्याभोवती टोचा. १९७३ च्या शेवटापासून लाखभर आरोग्य कर्मचारी घरोघर फिरू लागले. हातात एक कार्ड, त्यावर देवी आलेल्या बाळाचा फोटो. असं कुणी पाहिलंय का? खबर देणाऱ्याला बक्षीस. ते वाढत वाढत १९७५ मध्ये हजार रुपयांवर गेलं. तेव्हाचे हजार!

आता हजार रुपये लावले की काय होणार? देशात जिथे जिथे कुणाच्या अंगावर पुरळ, तिथून खबर. आणि त्यातल्या बहुतेक कांजण्या. ज्यांनी अलर्ट सिस्टीम सांभाळली आहे त्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल. शंभर वेळा फोन वाजतो, नव्व्याण्णव वेळा काही नसतं, पण शंभरावा सोडला तर सगळं मुसळ केरात.

म्हणून त्या कर्मचाऱ्यांना फरक ओळखायला शिकवला. देवीचे फोड तोंडावर आणि हातापायांवर जास्त, तळहात-तळपायावरसुद्धा. कांजण्या छाती-पोट-पाठीवर जास्त. देवीचे एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेत असतात. कांजण्यांत एक नुकता उठतोय, एक पाण्याने भरलाय, एकाची खपली धरलीये, असं एकत्र नांदतं. शंका आली की खपली काढून प्रयोगशाळेत. कांजण्यांनी कुणी मेलं अशी बातमी आली तर विशेष चौकशी, कारण कांजण्यांनी मरण क्वचित. मग ती देवीच तर नव्हती?

बांगलादेशातून आलेली एक बाई २४ मे १९७५ ला आसामात करीमगंजला आजारी पडली. भारतातली ती शेवटची रुग्ण. पण ती शेवटची आहे हे सिद्ध करायला पुढे जवळजवळ दोन वर्षं पुरळ शोधत, म्हणजे मुख्यतः कांजण्या तपासत, लोक फिरत होते. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने शिक्का मारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोमालियात अली माओ मालिन या दवाखान्यातल्या स्वयंपाक्याला निसर्गतः झालेली जगातली शेवटची देवी आली. डॉक्टरांनी आधी मलेरिया म्हटलं, आणि मग काय म्हटलं असेल? कांजण्या!

मला वाटतं आपल्या देशाच्या मनात कांजण्यांची जी जागा आहे ती इथे पक्की झाली. 'काही नाही, कांजण्याच आहेत.' सुटलो! ज्यांनी घरातली पोरं देवीत गमावली त्यांच्या तोंडी हे वाक्य अगदी रास्त आहे. आजीने तेच म्हटलं.

पण आजार त्याच्या बहिणीच्या तुलनेत सौम्य आहे, म्हणून तो सौम्य आहे असं होत नाही. आणि हे मी पुस्तकातून नाही, पाठीवर शिकलोय.

मी सातवीत असताना बाळापुरात आमच्या गल्लीत कांजण्यांची लाट आली. आईने शहाणपणा करून मला अकोल्याला मामाकडे पाठवून दिलं. गल्लीतली सगळी पोरं पंधरा दिवस खाजवत बसली आणि मी मामाकडे आंबे खाल्ले. वाचलो म्हणून केवढा आनंद! बारा वर्षांनी पुण्यात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौघांत मिळून राहत असताना मला कांजण्या आल्या. तीन दिवस १०३ ताप, मग खोकला, मग दम. एक्स-रेत फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात काढले. पहिल्या दिवशी ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले होते, "कांजण्याच आहेत, आराम करा." रूममेटांपैकी दोघांना लहानपणी येऊन गेल्या होत्या, ते निवांत चहा पीत मला बघायला यायचे.

नंतर कळलं की हे दुर्दैव नव्हतं, हा नियम आहे. अमेरिकेत लस येण्यापूर्वीचा हिशोब असा: कांजण्यांच्या रुग्णांत प्रौढ जेमतेम ५ टक्के, पण मृत्यूंत साधारण ३५ टक्के. लहान मुलांत लाख रुग्णांमागे एखादा दगावतो, प्रौढांत वीसेक. गरोदरपणात झाल्या तर पोटातल्या बाळालाही धोका, आणि बाळंतपणाच्या आगेमागे झाल्या तर नवजात बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

शिवाय हा विषाणू बरं झाल्यावर जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पन्नास-साठ वर्षांनी नागीण म्हणून वर येतो. आमच्या आजोबांना कमरेला नागीण झाली होती. तिची दोन टोकं जुळली की माणूस मरतो म्हणून सगळं घर जागत बसलेलं मला आठवतं. टोकंबिकं काही जुळत नसतात. ती मज्जातंतूच्या वाटेनं जाते म्हणून पट्ट्यासारखी दिसते, इतकंच. कांजण्या आणि नागीण यांचं हे नातं नीट उलगडून दाखवलं एडगर होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका गावच्या डॉक्टरने. हा गृहस्थ आपल्या रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत बसला, पार शेटलंडमधल्या येल बेटावर जाऊन चौकशी करून आला, आणि १९६५ मध्ये त्याने मांडणी केली. त्यात एक उपकलम असं, की आजूबाजूच्या पोरांच्या कांजण्या अधूनमधून 'भेटत' राहिल्या की मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहते आणि नागीण दबून राहते.

हे उपकलम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लस शोधली जपानच्या मिचिआकी ताकाहाशींनी. साठच्या दशकात ते अमेरिकेत ह्यूस्टनला संशोधन करत असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला जोरदार कांजण्या आल्या. रात्र रात्र पोरापाशी बसलेल्या त्या बापाने परत जाऊन कांजण्यांचा विषाणू दुबळा करायचं काम हाती घेतलं. ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातला विषाणू वाढवला, म्हणून त्या वाणाचं नाव 'ओका'. १९७४ मध्ये निकाल छापले. म्हणजे बिहारात देवीचा कहर चालू होता त्याच वर्षी. लेकीला शनिवारी टोचली ती याच ओकाची वंशज.

अमेरिकेने १९९५ मध्ये ही लस सगळ्या मुलांना द्यायला सुरुवात केली. आधी तिथे वर्षाला सुमारे ४० लाख जणांना कांजण्या व्हायच्या, दहा हजारांवर लोक इस्पितळात जायचे, शंभर-दीडशे मरायचे. एका डोसावर शाळांमधल्या लाटा थांबेनात म्हणून २००६ मध्ये दुसरा डोस आला. पहिल्या २५ वर्षांत सुमारे ९ कोटी १० लाख केसेस आणि दोन हजार मृत्यू टळले, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे.

ब्रिटन मात्र 'नको' म्हणत राहिलं. का? होप-सिम्पसनचं ते उपकलम! पोरांच्या कांजण्या संपल्या तर म्हाताऱ्यांची नागीण वाढेल ही भीती. अमेरिकेचा अनुभव साठत गेला तशी ती फारशी खरी ठरली नाही. तिथे नागीण वाढत होती, पण ती लसीच्या आधीपासूनच, आणि लस घेतलेल्या मुलांत तर नागीण बरीच कमी दिसली. शेवटी २०२३ मध्ये ब्रिटनच्या तज्ज्ञ समितीने होकार दिला आणि जानेवारी २०२६ पासून ही लस सरकारी वेळापत्रकात आणायचं जाहीर झालं. तीस वर्षांनी का होईना!

आणि आपण? आपल्या सरकारी सार्वत्रिक लसीकरणात कांजण्यांची लस नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोसांची शिफारस करते, पण ज्याला परवडेल त्याने खाजगीत घ्यायची. आम्हाला दोन डोसांचे मिळून साडेचार हजारांच्या घरात पडणार आहेत. आपण म्हणतो, ठीक आहे, ज्याची त्याची निवड.

इथे मला माझे मामाकडचे आंबे आठवतात.

समजा शहरातल्या निम्म्या पोरांना लस मिळाली. विषाणू फिरायचा कमी होतो. लस न घेतलेल्या पोरालाही लहानपणी गाठ पडायची शक्यता घटते. छान! पण घटते म्हणजे संपत नाही, पुढे ढकलली जाते. ते पोर न होता मोठं होतं आणि मग विशी-पंचविशीत, कारखान्यात, होस्टेलवर किंवा पोटुशी असताना त्याला, तिला गाठतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणूनच सांगते की ही लस सरकारी कार्यक्रमात आणायची तर ८० टक्क्यांच्या वर टिकवून धरा. अर्धवट नको. आपल्यासारख्या उष्ण देशांत तर लसीशिवायसुद्धा कांजण्या थंड देशांपेक्षा मोठ्या वयात येतात. म्हणजे आपण आधीच उतारावर उभे.

ही नुसती कागदी भीती नाही. रुबेलाच्या बाबतीत ग्रीसमध्ये हे घडलंय. सत्तरच्या दशकापासून तिथे खाजगीत, अर्धवट प्रमाणात लस दिली जात होती. मुलांत रुबेला कमी झाला, तरुण बायकांत न झालेल्यांची संख्या वाढत गेली, आणि १९९३ मध्ये साथ आली तेव्हा जन्मतः रुबेलाची बाधा झालेली २५ बाळं नोंदली गेली. कुणीही काही चूक केली नव्हती. ज्यांना परवडलं त्यांनी आपापल्या पोरांना लस दिली, बास.

म्हणजे मी शनिवारी जे केलं ते माझ्या लेकीसाठी बरोबरच आहे. परत वेळ आली तर परत तेच करीन. पण माझ्यासारख्या पाच-पन्नास लाखांनी ते केलं आणि सरकारने काहीच केलं नाही, तर त्याचं बिल तिसऱ्याच कुणाच्या नावाने फाटतं.

रविवारी सकाळी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, तुमच्या मुलीला कांजण्या येऊन गेल्यात का हो? मुलगी एकोणीस वर्षांची, दिवाळीनंतर लग्न आहे. मावशींना आठवेना. "काय तरी आलं होतं दादा लहानपणी, गोवर असेल." डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले रक्त तपासून घ्या, झाल्या नसतील तर लस आत्ताच, लग्नाच्या आधी द्या, कारण गरोदरपणात ही लस देता येत नाही. बुधवारी तपासणी आहे. खर्च मी करतोय. त्यात काही मोठेपणा नाही, एका मुलीने टक्केवारी हलत नाही. टक्केवारी हलवायची ताकद ज्यांच्याकडे आहे त्यांनी देवी घालवून दाखवली होती, तीही शेवटच्या झोपडीत जाऊन. आपल्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये.

असो. संध्याकाळी आजीला परत फोन केला आणि जमेल तसं सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "माह्या भावाच्या वक्ती सुई गावात आलती म्हणत. आमच्या घरी नाही आली."

मी काही बोललो नाही.